फाटकाकडे पाठ

जावई पहिल्यांदा सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात गेला तो मुलीला मागणी घालायला, आणि बाहेर पडला तो अर्धा आंधळा होऊन. सासऱ्यांनी त्याला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं, नाकावर नांगरासारखी जड फ्रेम चढवली आणि तिच्यात एकावर एक इतकी भिंगं खुपसली की समोरची भिंत गढूळ पाण्यात बुडाली. भिंतीवर अक्षरांच्या तक्त्याऐवजी करंडक जिंकलेल्या वर्षीचा शहराच्या फुटबॉल क्लबचा फोटो होता.

"वाचा. डावीकडून तिसरा कोण?"

"मला नुसत्या मिशा दिसतायत."

"बरोबर. आमचा गोलकीपर. पुढचा?"

अकराही जण पाठ झाल्यावर चहा आला. लग्न ठरलं. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. फुटबॉलशी त्याचं सोयरसुतक नव्हतं, पण सासऱ्यांशी जुळलं.

क्लबचा पहिला मालक साबणवाला, दुसरा सिमेंटवाला. दोघांनाही सासऱ्यांनी शिव्या घालत पोटात घातलं. तिसरी आली ती कंपनी नेमकं काय विकते, हे कोणालाच कळेना. तिने मरून रंगाची जर्सी आकाशी केली, प्रवेशद्वारातला करंडकाचा फोटो काढला आणि क्लबचा इतिहास स्वतःच्या खरेदीपासून सुरू केला. सासऱ्यांनी बहिष्कार पुकारला. मात्र शनिवारी घरी बसवेना. म्हणून बहिष्कार जागेवरच सुरू झाला: जुने चाहते मैदानाच्या फाटकाबाहेर, फाटकाकडे पाठ करून रांगेत उभे. मॅचला कधी नव्हती एवढी हजेरी बहिष्काराला.

आतला खेळ सासरे आवाजावरून सांगत. "हा कॉर्नर. हा हुकला, कळवळले बघा." त्यांचं कधी चुकत नसे.

हळूहळू रांग विरली. एकाचा गुडघा दुखू लागला, आणि खुर्च्या आत होत्या. मोसमाच्या शेवटच्या मॅचला सासरे एकटे उरले. ती जिंकली तर क्लबला करंडकानंतरचं पहिलं विजेतेपद मिळणार होतं.

"बाबा, दोन तिकिटं आणलीत," जावई म्हणाला. "कोणाला कळणार नाही."

"मला कळेल ना."

"हरले तर तुम्हीच खरे ठरता. मग तोंड का उतरलंय?"

"तीच तर पंचाईत आहे, जावईबापू. जिंकावेत म्हणून सकाळपासून देव पाण्यात ठेवलेत. तुम्ही जा. येऊन काही सांगू मात्र नका. मला ऐकू येतं."

जावई आत गेला. खुर्च्या अर्ध्या रिकाम्या होत्या. छताखाली ओळीने भोंगे लावलेले. प्रेक्षक मरगळले की काचेच्या खोलीतला माणूस एक बटण दाबी आणि भोंग्यांतून हजारोंचा जल्लोष फुटे. चेंडू तेव्हा बहुधा मैदानाबाहेर असे.

मध्यंतराला तो बाहेर आला. सासऱ्यांचा चेहरा फुलला होता.

"गोल थोडक्यात हुकले. काय खेळतायत पोरं."

जावई त्यांच्या शेजारी, फाटकाकडे पाठ करून उभा राहिला.

मॅच संपत आली तेव्हा आतून प्रचंड गजर उठला. सासऱ्यांनी त्याचं मनगट धरलं.

"गोल. आपलाच." मग, पूर्वी कधीही न विचारलेलं त्यांनी विचारलं, "हो ना?"

"हो, बाबा."

सासरे रस्त्याकडे तोंड करून हसत राहिले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला, तो हातातच राहिला. फाटक उघडलं. लोक मुकाट बाहेर पडू लागले. त्यांत गुडघेवाला होता, डोक्यावर आकाशी टोपी.

"शून्य-शून्य," तो म्हणाला. "अहो, झोप येत होती."

"मग तो आवाज?"

"भोंग्यांचा. असंच असतं हल्ली."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई आपल्या बुटांकडे पाहत होता.

"चला," ते म्हणाले. "घरी वाट बघत असतील."

क्लब त्या मोसमात दुसरा आला. पुढे कंपनीने तो विकला, आणि चौथा मालक कोण, हे सासऱ्यांना आजही माहीत नाही.