खुंटीवरचा झगा

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालंय, तेव्हा लिहिण्यातल्या चुका आणि वाकडं अक्षर सांभाळून घ्यावं.

शेजारच्या सुमनताईंची नवी सून हळदीकुंकवाला उखाणा घेण्याआधी ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. तो उखाणा मीच रचून दिला होता. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होते. गल्लीतल्या बायकांना सासूची थट्टा करणारे उखाणे आवडतात. ते रचताना मला भीती वाटत नाही, कारण त्यांत मी कुठेच नसते. या वेळी मात्र मनातलं लिहिलं. हे आवडलं नाही, तर मला पुन्हा कोण उखाणा मागेल?

"माहेरच्या खुंटीवर राहिला लहानपणीचा झगा,
सुरेशराव, त्यातली मुलगी माझ्यात अजून आहे, बघा."

कुणीच हसलं नाही.

"अगंबाई, हा कसला उखाणा? यात सासू कुठाय?" एक काकू म्हणाल्या.

"थांबा हो जरा." सुमनताईंचं कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं होतं. "पुन्हा म्हण गं पोरी."

मी दाराची कडी घट्ट धरली. सगळ्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटलं. आता त्या नीट ऐकणार होत्या.