हौसेनं बसवलेलं कुलूप

नायगावच्या चाळीतून आम्ही टॉवरमध्ये आलो, तरी आई दिवसभर दार उघडंच ठेवायची. चाळीत तीच रीत होती. मला भयंकर राग यायचा. त्यात घरातली कामं स्वतः करायचं नवं वेड लागलेलं. हौसेसाठी दरमहा बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी आपोआप बंद होणारं कुलूप आणलं आणि व्हिडिओ बघून स्वतःच बसवलं. बाहेरून ते फक्त आईच्या, बायकोच्या आणि माझ्या अंगठ्यानं उघडायचं.

एका दुपारी, आम्ही दोघं कामावर असताना, आई स्वयंपाकघरात पडली. तिच्या हाका ऐकून शेजारी धावले, वॉचमनसकट तिघांनी दाराला खांदे लावले. मी ऑफिसातून पोचलो तेव्हा हाका थांबल्या होत्या. कुलूप जागचं हललंसुद्धा नव्हतं.

इतकं पक्कं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.