मामांची एकनळी

आपल्या देशात निवडणुकांवर माझ्या थोरल्या मामांइतकं निर्मळ प्रेम करणारा दुसरा माणूस असेल असं मला वाटत नाही. कोण निवडून आला याची चौकशी त्यांनी आयुष्यात कधी केली नाही. ग्रामपंचायत असो, जिल्हा परिषद असो, विधानसभा असो की लोकसभा, त्यांना सगळ्या सारख्याच प्रिय. कारण एवढंच की निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते, आणि आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मामांकडे बारा बोअरची एकनळी बंदूक होती. राणीसावरगावच्या त्यांच्या शेताला डोंगर लागून आहे, रानडुकरं उतरतात, म्हणून पीक राखायला माझ्या आजोबांनी कधीकाळी ती परवाना काढून घेतली होती. आजोबांमागे बंदूक आणि परवाना दोन्ही थोरल्याकडे आले. इतर परवानेवाले जमा करायची नोटीस आली की तोंड वाकडं करतात, ओळखीपाळखी काढतात, आपल्याला सूट मिळेल का म्हणून साहेबांकडे खेटे घालतात. मामा नोटिशीची वाटसुद्धा बघत नसत. त्यांना ती बंदूक घरात नको असायची, आणि निवडणूक ही ती घराबाहेर काढायची एकमेव इज्जतदार वाट होती.

पेपरात तारखांची नुसती कुणकुण लागली की मामा धुतलेलं धोतर नेसत, मामींच्या जुन्या लुगड्याच्या फुलाफुलाच्या खोळीत बंदूक घालत आणि एसटीनं ठाण्यावर जात. खोळ बघून कंडक्टरला वाटे, भजनी मंडळाची वीणा आहे. एकदा ठाण्यातला हवालदार म्हणाला, "मामा, तारखा जाहीर व्हायच्यात अजून. आमाला आदेश न्हाई." मामा म्हणाले, "व्हतील की. मी बसतो." आणि खरोखरच बाकावर बसले. बरोबर आणलेली भाकरी तिथंच खाल्ली. दुपारी हवालदारालाच कंटाळा आला आणि त्यानं बंदूक ठेवून घेऊन पावती दिली. न्यायच्या वेळी मात्र मामांचे पाय जड होत. निकाल लागून महिना झाला की ठाण्यातून फोन येई, "मामा, बंदूक न्या." मामा सांगत, "फेरमोजणी होईल मनायलेत लोक. थांबा जरा." सगळ्या निवडणुका एकदमच घ्यायच्या असं काही चाललंय हे वाचलं तेव्हा ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं, "तू मास्तर हायस, तुला ठावं असंल. मंग मधली वर्सं काय करायचं माणसानं?"

गावानं एकदा भांडणतंटे नकोत म्हणून ग्रामपंचायत बिनविरोध करायचं ठरवलं. सगळ्या परभणी जिल्ह्यात अशा गोष्टीनं दुःखी झालेला माणूस एकच. बिनविरोध झाली की मतदान नाही, आणि आचारसंहिता चार दिवसांत आटोपते. मामांनी आयुष्यात एकदाच अर्ज भरला तो त्या वेळी. त्यांच्या वॉर्डात मतदान झालं. मामांना सात मतं पडली आणि त्यांत त्यांचं स्वतःचं नव्हतं, कारण समोरचा उमेदवार माणूस चांगला आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. बंदूक मात्र महिनाभर ठाण्यात राहिली. पुढे कितीतरी दिवस गाव त्यांना चिडवत असे, आणि ते गावाबरोबर हसत.

निवडणुका नसतील त्या काळात घरातला बंदोबस्त बघण्यासारखा होता. बंदूक आतल्या खोलीत पत्र्याच्या पेटीत. पेटीची किल्ली मामींच्या गळ्यात. काडतुसं गोठ्याच्या माळ्यावर वेगळ्या डब्यात, आणि त्या डब्याची किल्ली मामांनी ठेवलेली असे पण कुठे ते त्यांना आठवत नसे. एकदा मी दिवाळीला गेलो असताना तिन्हीसांजेला गडी पळत आला, भुईमुगात रानडुकरं शिरलीत, हवेत एक बार काढा म्हणून. मामी शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या, त्यांना बोलावलं. पेटी उघडली. मग डब्याच्या किल्लीची शोधाशोध. माळ्यावर चढायला शिडी हवी, ती कुणीतरी नेलेली. सगळा सरंजाम गोळा करून आम्ही शेतावर पोचलो तोवर डुकरं जेवून, चूळ भरून गेल्यासारखी निघून गेली होती. भुईमुगाच्या चार ओळी उकरलेल्या. मामा त्या न्याहाळत समाधानानं म्हणाले, "गेली ना? मंग झालं." बंदूक खोळीतून बाहेरसुद्धा निघाली नव्हती. गडी माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे बघितलं.

हत्यारांच्या कायद्याबद्दल मात्र मामांइतका पाठांतर केलेला माणूस वकिलांतही मिळायचा नाही. कोणत्या परवान्यावर काय चालतं, हत्यार कुठे न्यायचं नाही, दुसऱ्याच्या हातात दिलं तर काय होतं, हे ते कुठल्याही पंगतीत सांगत. पिंगळीच्या एका लग्नात वरातीपुढे नवरदेवाच्या कुणा पाहुण्यानं पिस्तूल काढून हवेत दोन बार उडवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा वाढलेल्या पानावरून उठले, तसेच उष्ट्या हातानं त्या पाहुण्यापाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतीच. वर तिला ठिवून घेणारं कुणी न्हाई." पाहुणा म्हणाला, "खुशीचा मोका हाय मामा." मामा म्हणाले, "खुशीच्या गोळीनं माणूस खुशीत मरतं का?" मग त्यांनी मांडवावरचे पत्रे मोजले, खाली बसलेल्या बाया-लेकरांकडे बोट दाखवलं आणि नवरदेवाच्या बापाला ठाण्यात जाऊन येऊ का म्हणून विचारलं. पिस्तूल गाडीत गेलं. मामा परत पानावर बसले, भात गार झाला होता तो तसाच जेवले.

परवान्याचं नूतनीकरण आलं की डॉक्टरचा दाखला लागतो. त्यासाठी एकदा मीच त्यांना परभणीत घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळे बघितले, रक्तदाब घेतला आणि लिहिता लिहिता सहज विचारलं, "राग वगैरे फार येत नाही ना?" मामा म्हणाले, "येतो." डॉक्टरांचं पेन थांबलं. ते हसून म्हणाले, "अहो, सगळ्यांनाच येतो." मामा म्हणाले, "व्हय, पर सगळ्यांच्या घरात बंदूक न्हाई." डॉक्टरांना हा विनोद वाटला आणि त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर मामा चांगलेच वैतागले होते. एवढा शिकलेला माणूस आणि विचारून सवरून ऐकत नाही म्हणाले.

मलाही तो विनोदच वाटला होता, याची आता लाज वाटते. कारण त्या रागाची एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी मामांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या धाकट्या मामांचं, बांधावरून भांडण झालं होतं. धाकट्यांनी बांध कोरला असं थोरल्यांचं म्हणणं, थोरल्यांनीच तो सरकवला असं धाकट्यांचं. थोरले मामा घरात गेले आणि बंदूक घेऊन आले. समोर उभं राहून त्यांनी भावावर ती रोखली, मग खाली घेतली आणि माघारी फिरले. गाव ही गोष्ट हसत सांगायचं, थोरल्यानं धाकट्याला कशी बंदूक दाखवली आणि धाकट्याच्या हातातलं खोरं कसं गळालं. पुढे माझ्या आईनं दोघांच्या मध्ये बसून बांध मोजून घेतला, सणावाराला येणंजाणं सुरू झालं, आणि गोष्ट हसण्यावारी गेली. आम्हीही ती पोरांना सांगितली.

या सगळ्याला तोंड फुटलं ते माझ्या मामेभावामुळे. थोरल्या मामांचा हा मुलगा गंगाखेडला खतं-बियाण्यांचं दुकान चालवतो. माणूस वाईट नाही, पण फोटोचा नाद आहे. गेल्या साली त्यानं आईकडून गोड बोलून पेटीची किल्ली घेतली, काळा गॉगल लावला आणि खांद्यावर एकनळी टाकून फोनच्या स्टेटसला फोटो ठेवला. खाली लिहिलं, वाघ. मामांना हे कळल्यावर ते मुलावर ओरडले नाहीत. त्याला घेऊन ठाण्यात गेले आणि म्हणाले, "माझ्या पोरानं परवाना मोडलाय. लिहून घ्या." फौजदार समजूतदार होते. त्यांनी फोटो पुसायला लावला, पोराला चार शब्द सुनावले आणि घरी जा म्हणाले. मामा लेखी ताकीद घेतल्याशिवाय उठेनात.

यंदा निवडणुका झाल्या, बंदूक नेहमीप्रमाणे ठाण्यात होती आणि न्यायचे फोन सुरू झाले होते. मामांनी सत्तरी ओलांडलेली. या वयात परवाना वारसाच्या नावावर करता येतो हे मुलानं कुठूनतरी काढलं आणि अर्ज तयार करून आणला. मामांनी ठरवलं होतं, बंदूक आता परत आणायचीच नाही, सरकारजमा करून परवाना रद्द करायचा. घरात बोलणं बंद झालं. शेवटी मुलानं धाकट्या काकांना बोलावलं, आणि सोबत मलाही, कारण मास्तराला सगळं कळतं असा आमच्या नातेवाइकांचा गैरसमज आहे.

ओसरीवर बसलो. मामींनी चहा दिला. धाकटे मामा पुतण्याच्या बाजूनं म्हणाले, "दादा, बापाच्या हातची निशाणी हाय. राहू द्या की घरात. पोरगं नीट ठिवंल." थोरले मामा बशीत चहा ओतत राहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, उगं भ्यायलाव तुमी. आजपर्यंत एकदा तरी कुणाला इजा झाली का तिच्यानं?" तेव्हा मामांनी बशी खाली ठेवली. भावाकडे न बघता, सातबारा वाचावा तशा आवाजात ते म्हणाले, "त्या दिशी बांधावर मी नुसती दाखवली न्हवती. चाप वढला व्हता. काडतूस सादळलेलं व्हतं, ते उडलं न्हाई. मनून तू बसलाय हितं."

मामींनी पदर तोंडाला लावला. माझ्या हातातला कप मी कुठे ठेवला ते मला आठवत नाही. पंचवीस वर्षं आम्ही जे हसत सांगत होतो ते काय होतं, हे एकेकाच्या चेहऱ्यावर उमटत चाललं होतं. फक्त धाकट्या मामांच्या चेहऱ्यावर काही बदल झाला नाही.

"मालूम हाय," ते म्हणाले. "खट्ट झालेलं ऐकलं व्हतं मी. लांब कुठं व्हतो?"

थोरले मामा पहिल्यांदा त्यांच्याकडे वळले. "मंग इतकी वर्सं बोलला कामून न्हाईस?"

"तुमी बोलाल मनून वाट बगितली. तुमी काय बोलंनात. शेताला शेत लागून, रोज तोंड बगायचं. मी तरी काय बोलायचं?" मग म्हणाले, "आता बी माझ्यापायी बापाची बंदूक घरातून जाऊ नये, मनून राहू द्या मनलो."

मामेभावानं अर्जाची घडी केली आणि खिशात घातली. त्यानंतर तो विषय त्यानं काढला नाही.

मी मामांकडे इतकी वर्षं विक्षिप्त माणूस म्हणून बघत आलो. किल्ल्या, माळा, खोळ, सात मतं, सगळ्याच्या मी गोष्टी केल्या, शाळेत तासालासुद्धा सांगितल्या. स्वतःच्या हाताचा भरवसा नसलेला माणूस त्या हातापासून भावाला वाचवायला रोज नवी युक्ती काढतो आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर धाकट्या मामांबद्दल जास्त. खट्ट ऐकलेला हा माणूस दर दिवाळीला थोरल्याच्या घरी जेवला.

आठवड्यानं दोघं भाऊ परभणीला गेले. बंदूक परत नको आणि परवाना रद्द करा, असा अर्ज कलेक्टर कचेरीत द्यायचा होता. मी सोबत होतो. कारकुनानं विचारलं, कारण काय लिहू. थोरल्या मामांनी भावाकडे बघितलं. धाकटे मामा म्हणाले, "गरज न्हाई, असं लिहा." कारकुनानं तसं लिहिलं, थोरल्या मामांनी सही केली आणि आम्ही बसस्टँडवर येऊन बाकावर बसलो. गाडीला वेळ होता.

थोरल्या मामांचा फोन वाजला. धाकट्या मामांची धाकटी मुलगी चुडाव्याला शाळेत शिकवते. रोज मधल्या सुट्टीत ती मोठ्या बाबांना, म्हणजे थोरल्या मामांना, फोन करते, जेवलात का एवढंच विचारायला. मामा म्हणाले, "जेवलो बाई." जेवले नव्हते. तिनं पुढे काहीतरी विचारलं असावं. त्यांनी फोन भावाच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ही त्या सालानंतरची हाय. दोन वर्सांनी झाली."

"हायेत की," धाकटे मामा फोनवर सांगत होते, "हितंच बसलेत माझ्याजवळ."