मनकवड्याचं नाव

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी ओटीवर सुपाऱ्या वाळत घालत होते, तेवढ्यात दारात बैलांची दमणी थांबली आणि रेवदंड्याचे एक गृहस्थ खाली उतरले. डोक्याला रुमाल, हातात नारळ. "मास्तर आहेत का घरात? यंदा उत्सवाला मनकवड्याचे प्रयोग ठेवायचं ठरलंय. आमंत्रणाचा नारळ घेऊन आलोय," असं म्हणत ते हसतहसत पायरी चढले. मी बसा म्हटलं, पाणी आणून ठेवलं आणि मग सांगितलं... भाद्रपदातच गेले ते. ते गृहस्थ उठून उभे राहिले. आमंत्रणाचा नारळ परत कसा न्यायचा, आणि ज्या घरात आमंत्रण घेणाराच उरला नाही तिथे ठेवायचा तरी कसा, हे त्यांना कळेना. शेवटी तो देवापुढे ठेवून ते निघून गेले. आमच्या थळपासून रेवदंडा काही दूर नाही, पण तिथे ही बातमी पोचली नव्हती. दमणी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मला वाटत राहिलं की निदान त्या एका गावात तरी हे अजून आहेत. म्हणून हे लिहायला बसले.

पेशानं हे शाळेत चित्रकला शिकवायचे. एकदा मुंबईला परीक्षेच्या कामासाठी गेले आणि तिथे थिएटरात कुणा परदेशी माणसाचा मनातलं ओळखण्याचा खेळ पाहून आले, तो दिवस आमच्या घराला भोवला. पुढे वर्षभर पुस्तकं मागवणं, आरशासमोर उभं राहून बडबडणं, शेजाऱ्यांच्या मुलांना 'मनात एक फूल धर' म्हणून छळणं चाललं होतं. मी तेव्हा नवी नवरी. मला वाटे, माणूस चांगला आहे, फक्त थोडा सुटलेला आहे. मग एक दिवस त्यांनी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली, आणि घराला भोवलेलं ते वेड माझ्याही गळ्यात पडलं.

वाचकांपैकी बऱ्याच जणांनी आमचे खेळ पाहिले असतील. मी खुर्चीवर, डोळे बांधलेले. हे लोकांत फिरणार, कुणाची तपकिरीची डबी, कुणाचं घड्याळ हातात घेणार आणि मला विचारणार. मी उत्तर देणार. त्यातलं गुपित आता सांगायला हरकत नाही, कारण तो खेळ आता कोणी करणार नाही. त्यांच्या प्रश्नातल्या शब्दांतच उत्तर असायचं. 'बरं, सांगा' म्हटलं की एक वस्तू, 'आता लवकर सांगा' म्हटलं की दुसरी. अक्षरांसाठी वेगळ्या खुणा, आकड्यांसाठी वेगळ्या. पापलेटसाठी खूण होती, बोंबलासाठीही होती, कारण आमच्याकडचे प्रेक्षक खिशातून काय काढतील याचा नेम नाही. त्यापायी घरात साधं बोलणं मुश्कील झालं. आमटी वाढताना ते म्हणायचे, "बरं, लवकर आण," आणि माझ्या तोंडून निघायचं, "छत्री!" सासूबाई कपाळावर हात मारून घेत. "सुनेला डोळे बांधून चारचौघांत बसवतोस? लोक तोंडात शेण घालतील," असं त्या म्हणाल्या, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "आई, डोळेच बांधलेत, तर ती बघणार कुणाकडे?" सासूबाई पदर खोचून चुलीकडे वळल्या आणि आम्ही सुटलो.

दुसरा खेळ मात्र शब्दांचा नव्हता. सभेतला कोणीही एखादी वस्तू लपवायचा. हे बाहेरून येऊन त्याचं मनगट धरायचे, 'वस्तू कुठे आहे तेवढंच मनात ठेवा' म्हणायचे आणि त्याला घेऊन चालू लागायचे. बाकांमधून वाट काढत बरोबर त्या फेट्यापाशी, त्या समईपाशी थांबायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माणूस जीभ आवरतो, पण हात आवरत नाही त्याला. आपण चुकीच्या वाटेनं गेलो की मनगट ताठतं. बरोबर जागी आलो की सैल पडतं. आपण फक्त ऐकायचं." याशिवाय बंद लिफाफ्यातल्या चिठ्ठ्या होत्या, पुस्तकातलं मनात धरलेलं पान होतं, एकदा ऐकलेले शेपन्नास शब्द उलटे म्हणून दाखवणं होतं. पण मनगटाचा खेळ त्यांचा खरा लाडका. प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला ते सांगायचे, "यात देव नाही, भूत नाही, ही कला आहे." तरीही एकदा उरणला एक कोळीण खेळ संपल्यावर थांबून राहिली. तिच्या नवऱ्याचा मचवा परतला नव्हता. "तुमाला समदा दिसतं, मास्तर. त्यो हाय का न्हाय, येवढाच सांगा," ती म्हणाली. दुसरा असता तर काहीबाही सांगून मोकळा झाला असता. हे तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माऊली, समोर बसलेल्या माणसाच्या मनातलं थोडं कळतं मला. समुद्रातलं नाही कळत." मग पुष्कळ वेळ तिच्याजवळ तसेच बसून राहिले.

आणि रेवदंड्याचा तो खेळ... दोन्ही बाजूंना गॅसबत्त्या, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. तिथल्या एका मुसलमान सुपारीवाल्या शेठनी चिठ्ठीवर एक नाव लिहून ह्यांच्या हातात दिलं. "मास्तर, बाईंनी नाव सांगायचं. बाकी काय बोलू नका हां, फकस्त इचारा," असं ते म्हणाल्याचं मला ऐकू आलं. ह्यांनी विचारायला सुरुवात केली. पहिलं अक्षर आलं. दुसरं आलं आणि माझ्या अंगाला घाम फुटला. शेठनी बेरकीपणानं ह्यांचंच नाव लिहिलं होतं! आम्ही जगातल्या सगळ्या वस्तूंच्या खुणा बसवल्या होत्या, पण बायकोला नवऱ्याचं नाव विचारलं तर काय करायचं, हे दोघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मी आईच्या मांडीवर शिकलेले. मी गप्प. ह्यांना वाटलं, खूण चुकली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मी गप्पच. पुरुषांत कुजबुज सुरू झाली, कोणीतरी शीळ घातली, "पितळ उघडं पडलं!" असं कोणी ओरडलं. आमची सगळी पत त्या तीन अक्षरांवर टांगली होती आणि हा मनकवडा माणूस तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारत होता! बायकांच्या बाजूला मात्र खसखस पिकली. बाई अडते ती एकाच नावापाशी, हे सगळ्याजणींना केव्हाच कळलं होतं, कळलं नव्हतं ते फक्त मनातलं ओळखणाऱ्याला. शेवटी एक म्हातारी कोळीण उभी राहून गरजली, "आरं मास्तर, बायकोला नवऱ्याचा नाव इचारतंस व्हय? कशी घेल ती? घाल गो बाय, उखाना घाल!"

पट्टीआड माझे डोळे भरून आले, हसूही येत होतं. तिथल्या तिथे सुचलं ते म्हटलं :

"डोळ्यांवर पट्टी, दिसेना सभा, दिसेना गाव,
मनातलं ओठांवर आणते... रावांचं नाव."

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. शेठनी स्वतः येऊन मला नारळांचा घड दिला. पण मला आठवतं ते परतीचं. बैलगाडी नारळीच्या वाडीतून चालली होती, आणि हे एकदम म्हणाले, "माझं नाव इतकं बरं वाटेल ऐकायला, असं वाटलं नव्हतं. पुन्हा एकदा घे ना. नुसतं. उखाण्याशिवाय."

"मला तुमचं आयुष्य जड झालेलं नाही," मी म्हटलं.

"अगं, मी भरसभेत सांगतो की असलं काही नसतं, आणि माझ्याच घरात..."

"सभेत तुमचं चालतं. घरात माझं."

ते खूप हसले. पुन्हा कधी मागितलं नाही त्यांनी. पण पुढे कुठल्या लग्नात, डोहाळजेवणात बायका मला उखाण्याचा आग्रह करू लागल्या की हे कामं सोडून दाराशी येऊन उभे राहायचे. मला दिसायचं, मी दाखवत नसे.

यंदा श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आयुष्यभर ज्यांच्या शब्दांवर मी डोळे मिटून चालले, त्यांच्यापाशी एक शब्द उरला नाही. डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना काय हवं-नको ते तुम्हीच ओळखायचं." मी त्यांचं डावं मनगट धरलं. पाणी देऊ? ताठ. कूस बदलू? सैल. त्यांनीच शिकवलं होतं, आपण फक्त ऐकायचं. असे ते दिवस गेले. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी सुखी होते. इतकी त्यांच्याजवळ मी कधी बसले नव्हते.

एका दुपारी मात्र काहीच जुळेना. पाणी नको, दूध नको, उशी नको, खिडकी उघडली तरी मनगट ताठच. डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. मी देवाचा अंगारा आणला, थोरल्या लेकीला बोलावणं धाडू का विचारलं, तरी तेच. मी रडकुंडीला आले. "काय हवंय तुम्हाला? मला कळत नाही हो..." आणि म्हणताम्हणताच कळलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, दाराशी उभे राहून बघायचे तसेच. मला भीती वाटली. नाव घेतलं तर ते जातील, असं लहानपणापासून मनात रुतलेलं. आणि न घेतलं तर ते ऐकल्याशिवाय जातील. मी वाकले आणि त्यांच्या कानाशी ते नाव घेतलं. नुसतं. माझ्या हातातलं मनगट हळूहळू सैल पडत गेलं, आणि ते झोपले. त्यानंतर ते महिनाभर होते. आईचं खोटं ठरलं म्हणून मी रोज देवाला नमस्कार करत होते.

आता ते नाहीत. लोक मला विचारतात, एकटीला घर खायला उठत नाही का? उठतं. आवाज नसतो ना त्यांचा. कोणी मला काही विचारत नाही, आणि उत्तर देण्याची माझी सवय तर जात नाही. म्हणून हल्ली दिवेलागणीला समुद्राकडचं दार लावताना मी ते नाव मोठ्यानं घेते. राव नाही, उखाणा नाही. कमी व्हायला त्यांचं आयुष्यच उरलेलं नाही, मग भ्यायचं कुणाला? "माधव," मी म्हणते, आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागावा, तेवढा वेळ कडी हातात धरून उभी राहते.