तळ्यावरचे नातेवाईक

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दुपारी माझा नवरा ऑफिसात वारला. मी ग्रंथालयात कामावर होते. सासूबाई घरी होत्या. घरी येऊन मी त्यांना सांगितले.

दिवस झाल्यावर पाहुणे पांगले. नागपूरच्या ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, शेवटी निघाल्या. निघताना स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "आईला मी नेते. तू नोकरी करणार की तिचं बघणार?" बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "तुमच्या नागपूरच्या थंडीत मला नको नेऊस. संक्रांत झाली की ये न्यायला." त्यांनी लेकीकडे जावे हे सगळ्या नातेवाइकांना योग्यच वाटले. मला वाटले नाही. मला त्या इथेच हव्या होत्या, पण तसे म्हणायची सवय नव्हती. इतकी वर्षे एका घरात राहूनही आमचे बोलणे बरेचसे त्याच्यामार्फत चालायचे. "तिला सांग आमटीत मीठ कमी आहे," असे त्या मी समोर असताना त्याला सांगत, आणि तो मान वळवून मला तेच सांगे. आम्हा तिघांनाही त्यात काही वावगे वाटत नसे.

आणि आमच्या घरात हिवाळ्यातला रविवार पाषाणच्या तळ्याचा असे. सासूबाईंची नजर गेल्या काही वर्षांत मधोमध पुसल्यासारखी झाली होती. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. तरी तो त्यांना न्यायचा. दोघे बांधावरच्या बाकावर बसत. दुर्बीण त्याच्या गळ्यात, चहाचा थर्मास त्यांच्या मांडीवर. मी पलीकडच्या बाकावर पुस्तक घेऊन बसे. मधूनच दोघांचे हसणे ऐकू येई. तो त्यांना पक्ष्यांची नावे सांगत असणार, असे मी धरून चालले होते. त्यात एवढे हसण्यासारखे काय, हे मी कधी विचारले नाही. ती जागा त्या दोघांची होती.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी मी म्हणाले, "आई, तळ्यावर जायचं का?"

त्यांनी पायाने चपला चाचपल्या. मग म्हणाल्या, "शाल दे."

आम्ही कोथरूडहून रिक्षाने गेलो. मी तयारी केली होती. ग्रंथालयातून पक्ष्यांवरची पुस्तके आणून रात्री वाचली होती. जलपर्णीने तळ्याचा एक कोपरा झाकला होता आणि तिचा कुजका वास येत होता. बाकी पाणी मोकळे होते. बांधावर ट्रॅकसूट घातलेले लोक हात हलवत चालत होते. त्याच्या दुर्बिणीचा पट्टा मला फार लांब होत होता. तो आखूड करावासा वाटला नाही, म्हणून एका हाताने वर धरून मी बघू लागले.

"डावीकडे चांदवा आहे. काळा, कपाळ पांढरं. त्याच्यामागे थापट्या बदकं, उत्तरेकडून येतात, चोच फावड्यासारखी. ते पाणबुड्यांजवळ आहे ते हळदीकुंकू बदक. चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल..." हळदीकुंकू हा शब्द तोंडातून गेला होता. मी अडखळले.

"वाच पुढे," सासूबाई म्हणाल्या. "बदकाला काय कळतंय."

मी पुढे सांगितले. लांबी, रंग, खाद्य, कुठून येतात, कधी परत जातात. त्या "बरं", "बरं" म्हणत राहिल्या. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "तुझा अभ्यास छान झालाय हो." त्यात शाबासकी नव्हती हे मला कळले. त्या संध्याकाळी ताईंचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी त्यांना संक्रांतीनंतरचे तिकीट काढायला सांगितले.

पुढच्या रविवारी त्या येतील असे मला वाटले नव्हते, पण चहा भरून त्या दाराशी उभ्या होत्या. तळ्यावर मी दुर्बीण लावली आणि काही सांगण्याआधी विचारले, "आई, तो काय सांगायचा तुम्हाला?"

"तो पक्षी कुठं सांगायचा? माणसं सांगायचा."

"म्हणजे?"

"मला मेलीला काय दिसणार चोच नि शेपूट. माणसं दिसतात. तो म्हणायचा, आई, त्या वाळक्या फांदीवर मामा उभा आहे. आंघोळ झालीय, टॉवेल न्यायला विसरलाय, आता हात पसरून वाळतोय." त्यांनी बसल्या बसल्या दोन्ही हात पसरून दाखवले. तो पाणकावळा होता. "आणि काठावर मान आखडून उभी असते ना ती ढोकरी? ते आमचे दीर. पंगतीत पहिलं पान कुणाचं वाढतात इकडे लक्ष, पण चेहरा असा, की आपल्याला भूकच नाही."

मी हसले नाही. त्या घरात मी सून होते. सासरच्या माणसांबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही, हे मला कुणी शिकवले नव्हते, पण मी ते पाळत आले होते. त्यांच्या माणसांवर हसणे हा त्या मायलेकांचा हक्क होता.

"सांग ना," त्या म्हणाल्या. "की तुझ्या माहेरची सांगणारेस? ती मला फारशी माहीत नाहीत. सगळी सभ्यच दिसली."

मी दुर्बीण फिरवली. उथळ पाण्यात एक शेकाट्या चालला होता. लांब लाल पाय, एकेक उचलून लांबवर ठेवत. पुस्तकातले सगळे मला पाठ होते. मी तोंड उघडले आणि भलतेच बाहेर आले.

"धाकट्या काकू आल्यात. फरशी ओली आहे. साडी धरलीय वर. पाय भिजू नयेत, आणि आपण आलोय हे कळून कुणी काम सांगू नये, म्हणून कडेकडेनं चालल्यात."

धाकट्या काकू म्हणजे सासूबाईंची जाऊ. सासूबाईंनी मान खाली घातली. मला वाटले, गेले सगळे. मग थर्मास हलू लागला. त्या आवाज न करता हसत होत्या, आणि मग आवाज करून. शेजारी मोठी लेन्स लावून बसलेले एक गृहस्थ वळून म्हणाले, "काकू, जरा हळू. पक्षी उडून जातील."

"जाऊ देत की. पंख काय फोटोपुरते दिलेत?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "म्हणजे तुलाही दिसत होतं तर सगळं. गप्प बसून."

"दिसत होतं."

"मग मी कोण?"

"त्यानं काय सांगितलं होतं?"

"तो कसला सांगतोय. घाबरायचा. तू सांग."

मी बराच वेळ बघत राहिले. जलपर्णीवर एक जांभळी पाणकोंबडी फिरत होती.

"हिरव्या गालिच्यावर एक बाई भाजी घ्यायला आल्यात," मी म्हणाले. "जांभळी रेशमी साडी, कपाळावर लाल. एकेक देठ उचलून बघतात, नाक मुरडतात, टाकून देतात. भाजीवाला कंटाळलाय."

सासूबाई समोर बघत होत्या. त्यांना तिथे काय दिसत होते कोण जाणे.

"घेतात का शेवटी काही?"

"घेतात. कुरकुरत."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि चहा ओतला. आधी मला दिला.

त्या रात्री जेवताना त्या मला थेट म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी आहे." मी मीठ पुढे केले. नंतर त्यांनी ताईंना फोन लावायला सांगितला. "तिकीट राहू दे गं," त्या म्हणाल्या. ताई काहीतरी समजावत होत्या. माझी नोकरी, त्यांचे डोळे, त्यांचे वय. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. "हो, दिसत नाही मला. ती सांगते ना." ताईंनी पुन्हा काही विचारले. "मार्चात बदकं जातील, जाऊ देत. इथली इथं असतातच. आणि अजून तुझ्या सासरचे राहिलेत."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारले नाही, मला चालेल का. मी त्यांचे अंथरूण घातले.

तो नाही. घरात आम्ही दोघी आहोत.