हडगा की रानशेवरी

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. माणसाचे गुडघे आजन्म टिकतात, असं ती बांधणाऱ्याचं मत असावं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बायकोचे गुडघे केव्हाच संपावर गेलेत. म्हणून पावसाळ्यात कात्रजच्या बाजूला तळमजल्यावरचा एक फ्लॅट बघायला गेलो.

बिल्डरचा माणूस फार गोड बोलत होता. पुण्यात कोणी इतकं गोड बोललं की मला धडकीच भरते. त्याने मागची खिडकी उघडली. "हा तुमचा ग्रीन व्ह्यू, सर." बाहेर कुंपणाच्या भिंतीपर्यंत डोक्याहून उंच, सरळसोट रोपं माजली होती. पानं चिंचेसारखी बारीक, जोडीजोडीने लागलेली.

"अगबाई, हडगा!" बायको म्हणाली. तिच्या माहेरी परसात हडगा होता, त्याच्या फुलांची भजी तिला अजून आठवतात. तिने उभ्या उभ्या देव कुठे, पलंग कुठे ते ठरवलं. खिडकीबाहेर तुळस.

"हडगा असा दाटीवाटीने उगवत नाही," मी म्हणालो.

"अहो, तुम्हाला मेथी आणि कोथिंबीर तरी वेगळी ओळखता येते का?"

प्रश्न रास्त होता.

आमच्या घरात वाद मिटवत नाहीत, जिंकतात. मी एक डहाळी खिशात घालून आणली. देठावर बारीक काटे होते. हडग्याला काटे नसतात, हे मी तिच्या नजरेस आणून दिलं. "कोवळा असेल अजून," ती म्हणाली. म्हणजे पोरांचे दुधाचे दात पडतात, तसे हडग्याचे काटे मोठेपणी पडत असणार. मी वाचनालयातून वनस्पतींचं एक जाडजूड पुस्तक आणलं. तिने ते उघडलंही नाही. "फुलं येऊ देत, मग बोला."

गणपती गेल्यावर पुन्हा गेलो. फुलं आली होती. हडग्याची फुलं पांढरी, चांगली बोटभर लांब. ही नखाएवढी, पिवळी, पाठीवर जांभळट ठिपके असलेली. शेंगा सुतळीसारख्या बारीक. मी पुस्तक सोबतच नेलं होतं. जिंकायचं तर साक्षीदारांसमोर, म्हणून बिल्डरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागलो.

"रानशेवरी. पाणथळ जागी, ओढ्याकाठी, पाणी साचून राहतं तिथे आपोआप उगवते."

वाचून झालं आणि मग मी काय वाचलं ते मलाच ऐकू आलं.

"पाणी?" तो माणूस हसला. "इथे प्यायला टँकर लागतो, सर!"

"इथे ओढा होता का?" बायकोने विचारलं.

"होता म्हणजे, आहे की. आपण पाइपमध्ये घेतलाय ना. या स्लॅबखालूनच जातो. काही टेन्शन नाही."

ओढ्याला पाइपात राहायचं आहे का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. हडगा असता तर कोणीतरी हौसेने लावलाय एवढाच अर्थ होता. रानशेवरी कोणी लावत नाही. पुढच्या मोठ्या पावसात आमचा पलंग तरंगला असता. बायकोने तुळशीसाठी ठरवलेली खिडकी स्वतःच्या हाताने लावून घेतली आणि कडी नीट बसली का तेही पाहिलं.

रिक्षाने परत निघालो. इतक्या वर्षांत तिच्याशी घातलेला वाद मी पहिल्यांदाच असा निर्विवाद जिंकलो होतो, आणि मला रडू येत होतं. तळमजल्यावरचं दुसरं घर आमच्या ऐपतीत अजून सापडलेलं नाही.

परवा मंडईतून आलो. दुसऱ्या मजल्यावर ती कठडा धरून थांबली. धाप जरा ओसरल्यावर म्हणाली, "हडगाच होता तो."

ती काटेरी डहाळी अजून माझ्या टेबलावर वाळत पडली आहे.

"हो," मी म्हणालो, "हडगाच होता," आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.