रशीद सरांना माती देताना

समोरच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली तेव्हा मी कापड बेतत होतो. नागपूरहून फोन होता, रशीद सर गेले. रक्ताचा कॅन्सर. होणार ते ठाऊकच होतं, तरी फोन ठेवून दुकानात आलो तर कुठली बाही कुणाची तेच कळेना... मय्यत दुपारपर्यंत चंद्रपुरात येणार होती, आणि मोहल्ल्यात कुजबुज त्याआधीच पोचली होती.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, मी टेलर. फार मागं जगात कुठं कुठं अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्यांची किरणोत्सारी धूळ पावसाबरोबर सगळीकडेच थोडी थोडी पडली. ती आपल्याकडच्या मातीत किती उरली, हे सर तपासायचे. जिवतीपासून एटापल्लीपर्यंतची माती मी शिवलेल्या मांजरपाटाच्या पिशव्यांतून यायची, आणि सुटीच्या दिवशी सर मलाही ओढून न्यायचे. "मास्टर, त्या धुळीतलं हे सिझिअम चिकणमातीच्या पापुद्र्यांत जाऊन बसते. एकदा बसलं का माती त्याले सोडत नाई, झाडाले बी देत नाई. जंगलातल्या पालापाचोळ्यात मात्र पकड ढिली. तिथी सात्या त्याले उचलते." असं सांगून हा माणूस गोंडाच्या घरी वारुळावरच्या त्याच सात्यांची, म्हणजे अळंब्यांची, भाजी दोनदा मागून खायचा. आपल्याकडे ते इतकं कमी आहे की भ्यायचं कारणच नाही, हे चहाच्या टपरीवर, मशिदीच्या ओट्यावर, कुठंही सांगत सुटायचे. मला तर कंटाळा यायचा.

लोकांनी त्यातलं सोयीचं तेवढं धरलं. सरांना त्या मातीनंच खाल्लं, असं ठरवून मोकळे झाले. त्या दुपारी कब्रस्तानाची देखरेख करणारे एक बुजुर्ग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सरच सांगत होते ना, मातीनं धरलं का सोडत नाई? मंग त्यायले आमच्या मातीत काऊन ठेवाचं? बाजूलेच विहीर आहे."

माझं टाळकंच फिरलं. "त्यायच्या अंगात काहीच नाई, भाऊ. अन् माती सोडत नाई, तर विहिरीत जाईन कसं?"

 मय्यत घरी आली, तर तिला आंघोळ घालायलाही कोणी पुढं आलं नाही. अंगणभर माणसं, आणि सगळी भिंतीला टेकलेली. शेवटी सरांच्या बायको, नसीम भाभी, उठल्या. "मीच न्हाऊ घालतो. बायकोले मनाई नाई."

पडद्याआडून बादल्या मी देत होतो. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि मधूनच भाभींचं हळू बोलणं... सुया टोचून काळा पडलेला हात दुखू नये म्हणून जपून धुते आहे, असं काहीतरी त्या सरांना सांगत होत्या. बाहेरच्यांनी ते ऐकलं. मग खांदे पुढं आले. कबर मात्र विहिरीपासून दूर, पार टोकाच्या भिंतीशी खोदली.

त्यानंतर मोहल्ल्यात आणखी दोन माणसं गेली. त्यांना अलीकडच्या दाटीतच जागा केली, सरांच्या दोन्ही बाजू रिकाम्याच ठेवल्या. मागच्या जुम्याला नमाज झाल्यावर मी माझ्या मोठ्या मुलाला घेऊन तिथं गेलो आणि सरांच्या उजवीकडची जमीन दाखवली. म्हटलं, "मले इथी ठेवजो."